दार कुणीकडे?

श्रवणयंत्राच्या सेलचं एक पुडकं तीन वेळा घराकडे निघालं आणि तीन वेळा परत आलं. त्यानंतर ते माझ्या टेबलावर आलं. सोबत तक्रार विभागाची चिठ्ठी होती: ग्राहकाला फोन केला होता, पण त्यांना ऐकू येत नाही.

ऐकू कसं येणार? सेल आमच्याकडे.

मी टिलबर्गला राहते, नेदरलँड्सच्या दक्षिणेला, नोर्ड-ब्राबांट प्रांतात. आमच्या कंपनीचं काम पत्त्यांचं. कुणी घरबसल्या काही मागवलं की तो पत्ता खरा आहे का, कुठल्या देशात आहे, कुठल्या डेपोच्या हद्दीत येतो, कुठल्या गाडीत चढायचा, हे आमची प्रणाली डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवते. ते ठरवायचे नियम लिहिणाऱ्या चौघांमधली मी एक. देश ठरवायचा नियम तर माझाच. इमारतीचा नकाशावरचा आकार घ्यायचा, त्याचा मध्यबिंदू काढायचा आणि तो कुठल्या हद्दीत पडतो ते बघायचं. साधा नियम. शेकडो मैलांच्या सरहद्दीवर त्याने कधी दगा दिला नव्हता, कारण सरहद्द सहसा शेतातून, ओढ्यातून, फार तर रस्त्याच्या मधून जाते. ती कुणाच्या स्वयंपाकघरातून जाईल असं मी गृहीत धरलं नव्हतं.

बार्लेत ती जाते. आणि माझ्या यादीत अशी चाळीसएक घरं निघाली.

"जाऊन बघून ये," आमचा प्रमुख म्हणाला. इथे साहेब वगैरे नसतो, नावाने हाक मारायची. त्यामुळे हुकूमसुद्धा सल्ल्यासारखा कानावर पडतो. मी ते पुडकं पाठीवरच्या पिशवीत टाकलं आणि मे महिन्यातल्या एका सकाळी सायकल काढली.

टिलबर्गहून बार्ले दक्षिणेला वीसेक किलोमीटर. रस्ता सरळ, कारण तो मुळात रेल्वेचा. टिलबर्ग ते बेल्जियममधलं टुर्नहाउट ही लाइन १८६७ साली सुरू झाली, १९३४ साली उतारूंच्या गाड्या बंद पडल्या, आणि आता रूळ काढून तिथे ३१ किलोमीटरचा सायकलमार्ग झाला आहे. नाव 'बेल्स लाइन्ट्ये', म्हणजे बेल्जियमची चिमुकली लाइन. दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, पायाखाली रेताड जमीन. रील आणि आल्फन ही गावं मागे पडली की शेतं सुरू होतात. त्या दिवसांत शतावरीचा हंगाम ऐन भरात होता. आपल्या औषधातली शतावरी नव्हे, तिची भाजीची बहीण. प्लास्टिकने झाकलेले मातीचे लांबच लांब वरंबे, आणि त्यांवर वाकून एकेक पांढरा कोंभ मातीखालून कापणारे पोलिश मजूर. २४ जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, हंगाम संपतो. त्यानंतर कापत नाहीत, मुळांना पुढच्या वर्षासाठी विश्रांती देतात.

बार्ले आलं ते फोनमुळे कळलं. "बेल्जियममध्ये आपलं स्वागत आहे." शंभर मीटरवर, "नेदरलँड्समध्ये आपलं स्वागत आहे." चौकात पोचेपर्यंत माझं पाच वेळा स्वागत झालं होतं. शेवटी फोनचा आवाज बंद करून टाकला.

आता गावाची रचना सांगायला हवी, आणि ती सांगताना कुणाचीही जीभ अडखळते. बार्ले हे दिसायला एकच गाव आहे. एक चौक, एक बाजार, विटांची बसकी घरं. पण त्यात दोन नगरपालिका आहेत: डच बार्ले-नासाऊ आणि बेल्जियन बार्ले-हेर्टोख. बेल्जियमची मुख्य सरहद्द गावापासून काही किलोमीटर दक्षिणेला आहे. ती ओलांडून इकडे, डच भूमीत, बेल्जियमची २२ बेटं विखुरलेली आहेत. त्यातल्या दोन बेटांच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे तुकडे आहेत, एकात सहा आणि दुसऱ्यात एक. शिवाय एक डच तुकडा थेट बेल्जियमच्या पोटात. एकूण तीस. बेल्जियमचं सगळ्यात छोटं बेट २६३२ चौरस मीटरचं आहे, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबात सव्वीस गुंठे. अख्खं परराष्ट्र, सव्वीस गुंठ्यांचं!

जमिनीवर याची खूण म्हणजे फरसबंदीत बसवलेले पांढरे फुल्लीचे दगड. एका बाजूला 'एनएल', दुसऱ्या बाजूला 'बी'. ही फुल्ल्यांची रांग पदपथावरून चालत चालत एखाद्या कॅफेच्या टेबलाखाली शिरते, भिंतीला भिडते आणि नाहीशी होते. भिंतीपलीकडे ती चालूच असते, दिसत नाही इतकंच. घरांच्या नंबराच्या पाटीवर त्या त्या देशाच्या झेंड्याचे रंग असतात. एका घराच्या तर दाराच्या मधोमध सरहद्द आहे. डावीउजवीकडे दोन नंबर, २ आणि १९, आणि दोन देश. त्या दारापुढे उभं राहून फोटो काढायला लोक येतात. मीही काढला. कामाचा भाग म्हणून काढला असं मी हिशेबात लिहिलं आहे.

आधी डच नगरपालिकेत गेले. खिडकीवरच्या बाईंना यादी दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, यादीवरून एकदा नजर फिरवली आणि विचारलं, "घर कुठल्या देशात हे तुम्ही कशावरून ठरवता?"

"मध्यबिंदूवरून."

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "आम्ही दारावरून ठरवतो," त्या म्हणाल्या. "पुढचं दार ज्या देशात, घर त्या देशाचं. झोपायची खोली कुठेही असो."

हा इथला जुना नियम. दार बेल्जियममध्ये उघडत असेल तर तुम्ही कर बेल्जियमला भरता, पत्ता २३८७ बार्ले-हेर्टोख. दार नेदरलँड्समध्ये उघडत असेल तर ५१११ बार्ले-नासाऊ. माझी प्रणाली घराच्या पोटात बोट घालून बघत होती आणि गाव उंबऱ्यावर बघत होतं. एवढंच चुकलं होतं. माझ्या सहा वर्षांच्या नोकरीत मी कधी कुठल्या घराचं दार कुठे आहे याची नोंद मागितली नव्हती. पत्र टाकणारा माणूस मात्र दुसरं काहीच बघत नाही.

ते सेलचं पुडकं जिथे पोचायचं होतं ते घर चौकापासून थोडं बाजूला. मालक ऐंशीच्या पुढचे, पूर्वी त्यांची झाडांची रोपवाटिका होती. या भागात तो धंदा मोठा. मी बेल दाबली, दाबली, दाबली. शेवटी खिडकीतून हात हलवला तेव्हा दार उघडलं. पुडकं पुढे केल्यावर त्यांनी ते तिथेच फोडलं, सेल बसवले, कान दोन-चारदा हलवून बघितला आणि मग म्हणाले, "आता बोल."

कॉफी मिळाली, सोबत नियमाप्रमाणे एक बिस्कीट. (दुसरं घ्यायचं नसतं. डब्याचं झाकण लगेच लागतं. ब्राबांटची माणसं हॉलंडकरांपेक्षा सढळ असा त्यांचा स्वतःचा दावा आहे. बिस्किटाच्या बाबतीत मला तो अजून अनुभवास आलेला नाही.) ते मला 'गाय' म्हणत होते. घाबरू नका, इथल्या बोलीतलं ते 'तू' आहे. उत्तरेकडे हा शब्द कुणी वापरत नाही. इथे आणि सरहद्दीपलीकडे फ्लँडर्समध्ये सगळे वापरतात.

त्यांच्या घराचं दार बेल्जियममध्ये आणि बाकी जवळजवळ सगळं घर नेदरलँड्समध्ये. "आधी दार तिकडे होतं," त्यांनी आतल्या खिडकीकडे बोट केलं. "वडिलांना मागे खोली वाढवायची होती. डच परवानगी मिळेना. मग त्यांनी दाराची खिडकी केली आणि खिडकीचं दार. बेल्जियमची परवानगी मिळाली." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही मिस्कील छटा नव्हती. आपण पावसाळ्याआधी कौलं शाकारतो, तसं त्यांच्या वडिलांनी देश शाकारून घेतला होता.

त्यामुळे पुडक्याचं काय होत होतं तेही उलगडलं. पत्ता बेल्जियमचा, म्हणून माल बेल्जियमच्या डेपोला जाई. तिथे प्रणाली सांगे, इमारत डच हद्दीत आहे, आपली गाडी जाणार नाही. मग तो डच डेपोला येई. तिथला चालक पिनकोड बघून म्हणे, हा बेल्जियमचा. दोघंही नियमाने वागत होते. नियम माझा होता.

हे सगळं झालं कसं, हे मी पुढच्या दोन दिवसांत तुकड्यातुकड्यांनी समजून घेतलं. ११९८ साली ब्राबांटचा ड्यूक हेन्री पहिला याने ब्रेडाच्या गॉडफ्री नावाच्या सरदाराला इथली जमीन जहागिरीत दिली. सगळी नाही दिली. ज्या शेतांवर ड्यूकची कुळं आधीच होती, ज्यांचा वसूल येत होता, ती त्याने स्वतःकडे ठेवली आणि मधलं माळरान सरदाराला दिलं. पुढे पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला लग्नसंबंधातून ब्रेडा नासाऊ घराण्याकडे गेलं. म्हणून एक बार्ले नासाऊचं. 'हेर्टोख' म्हणजे ड्यूक, म्हणून दुसरं ड्यूकचं. गावाच्या नावातच खातेदाराचं नाव आहे. १६४८ च्या तहात नासाऊचे तुकडे डच प्रजासत्ताकात राहिले आणि ड्यूकचे स्पेनच्या राजाकडे. १८३० मध्ये बेल्जियम वेगळा झाला, आणि १८४३ साली मास्ट्रिख्टला सरहद्दीचा करार करायला बसलेल्या अधिकाऱ्यांनी बार्लेपाशी हात टेकले. रेघ ओढता येईना, तेव्हा त्यांनी रेघ ओढलीच नाही. ५७३२ जमिनींची यादी केली आणि प्रत्येकीपुढे लिहिलं, ही तुमची, ही आमची.

म्हणजे ही सरहद्द नकाशा नव्हेच, ती वसुलाची वही आहे. माझ्यासारख्याच कुणीतरी तक्ता भरला होता.

इथे मला माझी आज्जी आठवणं अपरिहार्य होतं. मी बेळगावची, खरं तर शहापूरची. आज शहापूर म्हणजे बेळगावचंच एक अंग. कुठे एक संपतं आणि कुठे दुसरं सुरू होतं हे रिक्षावाल्यालाही सांगता येणार नाही. पण आज्जीच्या लहानपणी बेळगाव इंग्रजांचं होतं आणि शहापूर सांगली संस्थानचं. सांगलीकर पटवर्धनांचे तालुके एकमेकांना लागून नव्हते: मिरज प्रांत, मंगळवेढा, तेरदाळ, शहापूर असे विखुरलेले. मध्ये कुणाकुणाचा मुलूख. पेशव्यांनी फौजेच्या खर्चाला सरंजाम लावून दिला तो जिथला वसूल मोकळा होता तिथला, पुढे भाऊबंदांत वाटण्या झाल्या, आणि संस्थान म्हणजे ठिगळांची गोधडी झाली. ड्यूक हेन्री आणि पटवर्धन यांच्यात सहाशे वर्षांचं अंतर, पण दोघांचीही वही एकाच पद्धतीची. आज्जी शेवटपर्यंत "बेळगावात जाऊन येते" म्हणून घरातून निघायची, दहा मिनिटं चालत. आम्ही हसायचो. बार्लेच्या चौकात उभी राहिले तेव्हा कळलं, ती भूगोल सांगत नव्हती, कुणाची रयत ते सांगत होती.

आमची ठिगळं १९४८ साली संस्थानं विलीन झाली तेव्हा शिवली गेली. मग १९५६ आलं. पुढचं मराठी वाचकाला मी काय सांगणार?

तुलना करायचा मोह मला दोन दिवस होत होता. "बघा, इथे लोक कसे गुण्यागोविंदाने राहतात" हे वाक्य लिहायला फार सोपं आहे. परदेशातून असं लिहिणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. ते वाक्य मला लिहिता येत नाही, कारण ते खोटं आहे. बार्लेत दोन्ही देशांची माणसं एकच भाषा बोलतात. एकच डच, एकच ब्राबांटी हेल, निरोप घेताना एकच 'हौदू'. दार डावीकडून उजवीकडे नेलं तर कर बदलतो, कागदाची भाषा बदलत नाही. माझ्या बाबांच्या घराचा उतारा त्यांना वाचता येत नाही. शेजारच्या मुलाकडून वाचून घेतात. दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आमच्या ऑफिसात टुर्नहाउटचा एक सहकारी आहे. त्याला मी हे सांगितलं तेव्हा तो भाकरतुकडा (खरं तर थंडगार पाव आणि चीज) चावत म्हणाला, "भांडण बघायचं असेल तर बार्लेला कशाला जातेस? फूरनला जा." फूरन ही बेल्जियमच्या पूर्वेची सहा खेडी. देशाच्या आतली डच आणि फ्रेंच यांच्यामधली भाषिक सीमा १९६३ पासून कायद्याने पक्की झाली, तेव्हा ती खेडी फ्रेंच लिएज प्रांतातून काढून डच लिंबुर्ख प्रांतात घातली. तिथे पुढे निवडून आलेल्या महापौराने, जोसे हापार्टने, आपल्याला डच येतं हे सिद्ध करायला नकार दिला. त्यावरून १९८७ साली बेल्जियमचं राष्ट्रीय सरकार पडलं. काही हजार वस्तीच्या खेड्यांसाठी! सहकाऱ्याला हे विनोदी वाटत होतं. महापौर, भाषा आणि ठराव यांच्या गोष्टी ऐकत मी लहानाची मोठी झाले. मला हसू आलं नाही.

तर बार्लेतली आंतरराष्ट्रीय सरहद्द फुलझाडांच्या कुंड्यांमधून जाते, आणि त्याच बेल्जियमच्या पोटातली भाषेची सीमा सरकारं पाडते. मला वाटतं यातलं जे काही शिकण्यासारखं आहे ते बार्लेत नाही, फूरनला आहे. पण फूरनला पर्यटक जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी यादी घेऊन दारं मोजली. घरासमोर उभं राहायचं, उंबऱ्याची जागा फोनवर टिपायची, पाटीवरचे रंग लिहायचे. दुपारपर्यंत पाय दुखले. या कामात वरवर विचित्र वाटणाऱ्या गोष्टी दिसत गेल्या, आणि प्रत्येकीमागे किमतीचा नाहीतर वयाचा हिशेब निघाला. मे महिन्यात शोभेच्या दारूची दुकानं उघडी होती. नेदरलँड्समध्ये तेव्हा फटाके विकायला वर्षअखेरचे मोजके दिवस मुभा होती. बेल्जियन बार्लेत बारा महिने मिळतात. डिसेंबरात इथे डच गाड्यांची रांग लागते आणि परतीच्या वाटेवर पोलीस उभे असतात. टिलबर्गच्या आमच्या मराठी मंडळींना हे ठाऊक आहे. "येताना दोन पेट्या फुलबाज्या आण की" असा निरोप मला मे महिन्यातच आला होता, दिवाळीसाठी. आणल्या नाहीत. ज्या कंपनीच्या पिशवीत त्या आणायच्या तिचाच धंदा सरहद्दीपलीकडे माल नियमाने नेण्याचा आहे.

बिअरचं तसंच. बेल्जियममध्ये सोळाव्या वर्षी मिळते, नेदरलँड्समध्ये २०१४ पासून अठराव्या. एका रस्त्यावरच्या दोन कॅफेंमध्ये दोन वर्षांचं अंतर. आणि महासाथीत, २०२० च्या मार्चमध्ये, बेल्जियमने दुकानं बंद केली, नेदरलँड्सने बरीच उघडी ठेवली. तेव्हा सरहद्दीवरच्या एका कपड्यांच्या दुकानात मधोमध पट्टी लावली होती. पट्टीच्या एका बाजूचे कपडे विकत घेता येत, दुसऱ्या बाजूचे नुसते बघता येत. रोपवाटिकेवाल्या आजोबांना मी याबद्दल विचारलं. "त्या वेळी मी स्वयंपाकघरात मोकळा होतो आणि दारात कैदेत," ते म्हणाले. तीन दिवसांत त्यांनी केलेला हा एकच विनोद. बहुतेक प्रत्येक पाहुण्याला सांगत असावेत.

आणखी एक गोष्ट त्यांना माहीत होती, ती मला अनपेक्षित होती. "तुमच्याकडेही होतं ना आमच्यासारखं? कूच बिहार?" त्यांना ते नाव नीट उच्चारता येत होतं. भारत आणि बांगलादेश यांच्यातले ते तुकडे, १११ आपले आणि ५१ त्यांचे, २०१५ च्या ३१ जुलैच्या मध्यरात्री अदलाबदल होऊन संपले. तिथे वीज नव्हती, शाळा नव्हती, आजारी माणसाला कुठल्या देशाच्या दवाखान्यात न्यायचं हा प्रश्न होता. बार्लेकरांना कूच बिहार ठाऊक असतं ते वेगळ्या कारणाने: जगातली सगळ्यात गुंतागुंतीची सरहद्द हा मान तोवर तिकडे होता. आता तो यांच्याकडे आला आहे. आजोबांनी ते अभिमानाने सांगितलं नाही, पण सांगितलं.

तिसरा दिवस खरं तर सुट्टीचा. मी झोंडरआयगनला गेले, दक्षिणेला, बेल्जियमच्या सलग भूमीत. मला ९१ आणि ९२ बघायचे होते.

त्याचं असं झालं. त्या ५७३२ नोंदींमध्ये एक गोंधळ होता. दोन्ही गावांच्या महापौरांनी १८४१ साली केलेल्या यादीत झोंडरआयगन विभागातल्या ७८ ते १११ क्रमांकाच्या जमिनी सरसकट नासाऊच्या लिहिल्या होत्या. १८४३ च्या करारातल्या यादीत मात्र ७८ ते ९० नासाऊच्या, ९१ आणि ९२ हेर्टोखच्या, ९३ ते १११ पुन्हा नासाऊच्या. दोन प्रती, दोन ओळींचा फरक. शंभराहून अधिक वर्षांनी हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. डच म्हणाले, करारातली नोंद ही लेखनिकाची चूक आहे, आणि शिवाय इतकी वर्षं जमिनीचा कर आम्हीच घेतोय. २० जून १९५९ रोजी दहा विरुद्ध चार मतांनी निकाल बेल्जियमच्या बाजूने लागला: करारात जे लिहिलं आहे तेच दोघांनी मान्य केलेलं आहे, आणि रोजच्या कारभारातल्या नोंदींनी सार्वभौमत्व बदलत नाही.

ज्याने आयुष्यात कधी दोन याद्या जुळवल्या आहेत त्याला हा निकाल वाचताना घाम फुटेल. ऑफिसात आम्ही अशा ओळी सकाळच्या चहाआधी दहा-वीस 'सुधारून' टाकतो. मूळ कुठली आणि चूक कुठली, हे आम्हीच ठरवतो आणि पुढच्या ओळीवर जातो. इथे त्या दोन ओळींसाठी चौदा न्यायाधीश बसले होते.

बघायला तिथे अर्थात काही नाही. सपाट शेत आणि वारा. गावाच्या जवळ मात्र पहिल्या महायुद्धातल्या तारेची प्रतिकृती उभी केली आहे. १९१५ साली जर्मनांनी व्यापलेला बेल्जियम आणि तटस्थ नेदरलँड्स यांच्यामध्ये दोन हजार व्होल्टची तार ताणली होती. तिला चिकटून शेकडो माणसं मेली. विजेची ओळख नसलेली शेतकरी माणसं, एकमेकांना सोडवायला हात लावणारी. पण बार्ले-हेर्टोखची बेटं डच भूमीने वेढलेली, म्हणून जर्मनांना तिथे शिरता आलं नाही. त्या बेटांवरचा बेल्जियम मोकळा राहिला, आणि चोरून आणलेल्या सामानातून तिथे बिनतारी केंद्र उभं राहिलं. त्या प्रतिकृतीजवळ मी बराच वेळ थांबले. तीन दिवसांत पहिल्यांदाच ती रेघ मला रेघेसारखी दिसली.

परत येताना कास्तेलरेवरून आले, तिन्ही बाजूंनी बेल्जियमने कवळलेलं डच खेडं. मेर्क्स्के नावाचा ओढा, ओलं गवत, गाई. टुर्नहाउटला पत्त्यांचं संग्रहालय आहे. पत्ते म्हणजे खेळायचे, त्या गावात १८२६ पासून छापतात. माझ्या धंद्याच्या नावाशी असलेला हा श्लेष डचमध्ये होत नाही, त्यामुळे कुणाला सांगता आला नाही. आणि पाऊस लागल्यामुळे तिथवर जाणंही झालं नाही.

सोमवारी नियम बदलला. बार्लेपुरता मध्यबिंदू काढून टाकला आणि हाताने टिपलेल्या उंबऱ्यांचा तक्ता जोडला. चाळीसएक घरं मार्गी लागली. एकच अडकलं, ते २ आणि १९ नंबरचं. तिथे उंबराच दोन देशांत आहे. प्रणालीला एका दाराचे दोन देश चालत नाहीत. ती त्यातली एक नोंद दुबार म्हणून खोडायला सुचवते. दर महिन्याच्या एक तारखेला त्रुटींच्या अहवालात ती ओळ येते, खाली विचारलेलं असतं, कोणती ठेवायची? मी 'दोन्ही' लिहिते आणि अहवाल बंद करते.